पडलो तरी नाक खाली

एका शाळेचा हॉल. आठवड्यातले तीन दिवस तिथे ज्युदो चालतो, दोन दिवस त्याच मॅटवर आयकिदो. दोन्ही जपानी युद्धकला. एका संध्याकाळी ज्युदोच्या बॅचमधली दहाएक वर्षांची मुलगी हौसेनं आयकिदोच्या रांगेत येऊन उभी राहिली. शिकवणाऱ्या ताईंनी आज्ञा दिली, "माए उकेमी." उकेमी हे इजा न होता पडण्याच्या विद्येचं नाव. रांगेतली मुलं एकेक करून पुढे झुकली, खांद्यावरून गोल फिरली आणि पलीकडे उभी राहिली. आवाज जवळजवळ नाहीच. मग हिची पाळी आली. हिनं दोन्ही हात छातीसमोर धरले आणि फळी आडवी व्हावी तशी सरळ पुढे पडली. धाड्! पंजापासून कोपरापर्यंतचे दोन्ही हात एकाच क्षणी मॅटवर, पोट अधांतरी, गुडघे अधांतरी, मान एका बाजूला वळलेली. रांगेत हसू फुटलं. "अगं, माए म्हटलं होतं मी," ताई म्हणाल्या. ती तशीच पालथी, दोन हात आणि पायांच्या चवड्यांवर तोललेली, मान वर करून म्हणाली, "ताई, हेच तर माए!"

दोघींचंही बरोबर होतं.

तरी ते हसू डोक्यातून जात नाही. त्या पोरीनं जे केलं ते ज्युदोच्या हिशेबात चोख होतं, आणि त्याच नावाखाली समोरची मुलं जे करत होती तेही आयकिदोच्या हिशेबात चोख होतं. नाव एक, पडणं दोन. या क्षेत्रात जपानी शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं आपल्याकडे मानलं जातं. परीक्षेला मुलं नावं पाठ करून येतात, भिंतीवर तक्ता लागतो, तक्त्यात डावीकडे जपानी आणि उजवीकडे इंग्रजी अर्थ. पण ही नावं मुळात काय सांगतात ते पाहिलं की चकित व्हायला होतं. ती फक्त दिशा सांगतात. माए म्हणजे पुढे, उशिरो म्हणजे मागे, योको म्हणजे बाजूला, मिगी उजवं, हिदारी डावं. बस. कसं पडायचं, कुठला अवयव आधी टेकवायचा, थाप मारायची की नाही, पडून राहायचं की उठायचं, यातलं काहीही नावात नाही. (उशिरो ऐकून नव्या बॅचमधला एखादा तरी मुलगा "उशिरा आलो म्हणून शिक्षा का?" असं विचारतोच. त्याला ओरडू नये. शब्द कायमचा लक्षात राहतो.)

त्यात एकाच दिशेला दोन-दोन शब्द. मागे पडणं कुणी उशिरो उकेमी म्हणतं, कुणी कोहो उकेमी. बाजूला पडणं योको किंवा सोकुहो. पुढचं माए किंवा झेंपो. नवखा माणूस सहा प्रकार समजून वही रंगवतो, निघतात तीनच. मराठी माणसाला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. आपल्याकडे जसं 'मागे' आणि 'पश्चात', 'पुढे' आणि 'अग्र', तसंच हे. उशिरो, माए, योको हे घरचे शब्द. कोहो, झेंपो, सोकुहो हे चिनी वळणाचे, पुस्तकी, म्हणजे तत्सम म्हणा ना. बोलताना एक, छापताना दुसरा. झेंपोवरून तर रोमन लिपीत जुना घोळ आहे. कुठे एन लावून झेन्पो, कुठे एम लावून झेम्पो, आणि दोन्ही पाहिलेला माणूस विचारतो की यातलं खरं कुठलं. जपानीत तो नाकातला अर्धा आवाज 'प'च्या आधी आला की ओठ मिटतात आणि 'म्' होतो. आपण 'संप' लिहितो आणि 'सम्प' म्हणतो, तेच. देवनागरीत एक टिंब दिलं की भांडण मिटलं.

आता प्रश्न राहतो तो एका नावाच्या दोन पडण्यांचा. ज्युदोत फेक मॅटवर येऊन संपते. इप्पोन, म्हणजे सामना तिथेच जिंकून देणारा पूर्ण गुण, मिळतो तो समोरच्याला वेगानं, जोरानं, ताब्यात ठेवून पाठीवर पाडलं की. फेकणारा, म्हणजे तोरी, बहुतेक वेळा शेवटपर्यंत बाही धरून असतो. पडणारा, म्हणजे उके, अशा वेळी गोल फिरून कुठे जाणार? तो जिथे पडतो तिथेच त्याला सगळा मार पचवायचा असतो. म्हणून ज्युदोचं पडणं सपाट, थापेचं, आवाजाचं. गोल फिरून पडण्याचं तिथे वेगळं, लांबलचक नाव आहे: झेंपो काइतेन उकेमी. काइतेन म्हणजे गिरकी. आयकिदोत फेक पुष्कळदा सुटी असते, हात सोडला जातो, आणि उकेनं फिरून, अंतर ठेवून, पुन्हा समोर उभं राहणं अपेक्षित असतं. तिथे पुढे पडणं म्हणजे गिरकीच, मग वेगळं नाव कशाला हवं, नुसतं माए पुरतं. आणि जिथे आयकिदोतही हात सुटत नाही, म्हणजे कोतेगाएशीत मनगट उलटं वळवून फेकतात तेव्हा किंवा कोशिनागेत कमरेवरून टाकतात तेव्हा, तिथे मुकाट तोबी उकेमी येते, उडी घेऊन केलेलं सपाट पडणं, आणि ते ज्युदोच्या पडण्याच्या फार जवळ जातं. थोडक्यात, नाव शाळेचं असतं, पण पडण्याचा आकार ठरतो तो फेकणाऱ्याचा हात सुटला आहे की धरलेला आहे यावर. तक्त्यात हा रकानाच नसतो. असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

कराटेवाल्यांची आणखी वेगळी गंमत. गल्लोगल्ली कराटेचे क्लास असल्यानं आपल्याकडे बऱ्याच पोरांनी 'उके' हा शब्द आधी तिथे ऐकलेला असतो. आगे-उके, सोतो-उके, उची-उके. त्यांच्या लेखी उके म्हणजे ब्लॉक, हात आडवा घालून ठोसा अडवणं. तीच मुलं ज्युदोत येतात आणि कळतं की इथे उके म्हणजे आपटला जाणारा माणूस. गोंधळतात बिचारी. पण शब्द एकच आहे. उकेरु म्हणजे घेणं, स्वीकारणं, येईल ते अंगावर घेणं. कराटेत ठोसा घ्यायचा, ज्युदोत जमीन.

उकेमी या शब्दात 'पडणं' कुठेच नाही.

'उके' म्हणजे घेणं आणि 'मी' म्हणजे अंग, देह, आणि थोडं 'आपण स्वतः' सुद्धा. घेणारं अंग. इंग्रजीतला ब्रेकफॉल पडणं मोडायला निघतो. शब्दातच मारामारी आहे. आपल्या मराठीत तर पडण्याचा नुसता पाऊस आहे. घसरणं, आपटणं, कोसळणं, कोलमडणं, लोळणं, तोंडघशी पडणं, उताणं पडणं. शिवाय आजारी पडणं, महागात पडणं, प्रेमात पडणं. जपानीतही पडायला क्रियापदं कमी नाहीत. अडखळून पडलं तर कोरोबु, उभं असलेलं आडवं झालं तर ताओरेरु, वरून खाली आलं तर ओचिरु. (ज्युदोच्या हॉलमध्ये 'ओचिरु' म्हणजे गळ्याच्या आवळीत शुद्ध हरपणं. तिथे पडलेला माणूस आधीच जमिनीवर असतो, आणि तरी 'पडतो'.) एवढे शब्द हाताशी असताना त्यांनी या विद्येला नाव देताना एकालाही हात लावला नाही. त्यातलं 'मी' हे अक्षर साशिमीतही आहे, तिथे ते माशाचं मांस. आणि एखादी कला हाडीमांशी भिनली की जपानी माणूस म्हणतो, ती 'मी'ला लागली. आपण म्हणतो अंगवळणी पडली. तिथे मात्र आपल्याला पडावंच लागतं!

पुण्यात जपानी शिकणारे पुष्कळ आहेत. त्यांना उकेमी हा शब्द मॅटवर भेटत नाही, व्याकरणात भेटतो. कर्मणी प्रयोगाला जपानीत उकेमीच म्हणतात. आणि तो कर्मणी आपल्यापेक्षा एक पाऊल पुढे जातो. 'पाऊस पडला' हे अकर्मक वाक्य. आपण त्याचं कर्मणी करूच शकत नाही. जपानी माणूस करतो: आमे नि फुरारेता. शब्दशः सांगायचं तर पाऊस पडण्याचं कर्म मी झालो. छत्री नव्हती, भिजलो, वैताग आला, हे सगळं त्या एका प्रत्ययात येतं. आपण फार तर 'पावसानं गाठलं' म्हणू. परीक्षेचंही तसंच. आपण परीक्षा देतो, ते परीक्षा घेतात, उकेरु, म्हणजे अंगावर घेतात. आपल्या मराठीत परीक्षा घेतो तो मास्तर. हे लक्षात आलं की मॅटवरचा उकेमी जरा वेगळा दिसू लागतो. फेक माझ्यावर झाली, ती मी केली नाही, टाळता आली नाही. आता ती घ्यायची कशी, एवढंच माझ्या हातात.

आणि ते घेणं अगदी मापाचं असतं. उशिरो घ्या, कारण सुरुवात तिथून होते. आधी नुसतं उताणं झोपून. दोन्ही हात छातीवर फुली करून वर, मग एकदम बाजूला खाली. थाप बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत एकाच वेळी बसली पाहिजे, तळवा खाली, हात धडापासून तीसएक ते पंचेचाळीस अंशांवर. नव्वद अंशांवर गेला की सगळा झटका खांद्याच्या सांध्यात जातो. फार जवळ आला की कोपर बरगड्यांखाली सापडतं. मग पाय लांब करून बसून, मग उकिडवं बसून, मग अर्धवट वाकून, मग उभं राहून. उकिडव्यातून पडताना ढुंगण टाचांच्या अगदी जवळ टेकवायचं. लांब टाकलं की माकडहाड आपटतं, आणि माकडहाडाचं दुखणं ज्याला झालंय त्याला त्याचं वर्णन करून सांगावं लागत नाही. पाठ कमानीसारखी गोल. श्वास सोडत जायचं, दात मिटलेले, जीभ आत. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, हनुवटी छातीकडे. नजर ओबीच्या गाठीवर, म्हणजे आपल्याच कमरेच्या पट्ट्यावर. आपल्याकडे ताठ्याच्या माणसाला 'पडलो तरी नाक वर' म्हणतात. मॅटवर ती थट्टा नाही, ती झालेल्या चुकीची नोंद आहे. उशिरो उकेमीत नाक वर गेलं की डोक्याची मागची बाजू मॅटवर आपटलीच. पंधरा-वीसदा पडून झालं की मुलांच्या मानेचे स्नायू थकतात, मान ढिली पडते आणि नाकं एकेक करून वर जाऊ लागतात. शिकवणाऱ्यानं त्या क्षणी थांबावं. 'अजून दहा' हा आकडा तिथे कामाचा नाही.

योकोत चूक वेगळी. उजवीकडे पडायचं तर उजवा पाय डावीकडे समोरून सरकवत, डाव्या पायावर बसत जायचं आणि उजव्या अंगावर, म्हणजे कुल्ला, कंबर, पाठीची कड अशा क्रमानं उतरायचं. थाप उजव्या हाताची. घाबरलेला माणूस इथे हात मागे टेकतो. शरीराची ही उपजत सवय आहे, आणि पडण्याच्या सगळ्या सरावाचं वैर तिच्याशी आहे. ताठ हात टेकला की सगळं वजन मनगट, कोपर, खांद्याचं हाड, गळपट्टीचं हाड या एका रेषेतून जातं आणि त्यातलं सगळ्यात कच्चं जे असेल ते मोडतं. थाप मारायची ती याचसाठी. हाताला टेकण्याऐवजी दुसरं काम देऊन ठेवायचं. ज्युदोच्या माएत म्हणूनच पंजा आणि कोपर दोन्ही एकाच वेळी टेकतात, हात आतल्या बाजूला तिरपे, जपानी आठच्या अक्षरासारखे. पंजे आधी आले तर मनगटं गेली, कोपरं आधी आली तर कोपरं.

झेंपो काइतेनचा रस्ता शरीरावरून तिरपा जातो. उजवा पाय पुढे, उजव्या हाताची करंगळीकडची कड मॅटवर, हात चाकाच्या धावेसारखा गोल आणि घट्ट. मग करंगळी, हाताची बाहेरची कड, कोपराच्या वरून दंड, खांद्याची मागची बाजू, तिथून पाठ ओलांडून डावा कुल्ला. डोकं टेकत नाही. खांद्याचं टोक टेकत नाही. पाठीचा कणा सरळ रेषेत लोळत नाही. ती कोलांटी झाली, आणि कोलांटीत एकेक मणका दगडावर आपटल्यासारखा वाजतो. शेवटी डाव्या अंगावर येताना डाव्या हाताची थाप. पाय एकमेकांवर पडू द्यायचे नाहीत, नाहीतर घोट्यावर घोटा आपटून डोळ्यांपुढे काजवे चमकतात. नवख्यांची हमखास चूक म्हणजे हात मध्येच मऊ सोडणं. चाकाची धाव दुमडली की चाक फिरत नाही, खांद्याच्या टोकावर बसतं. मॅटही बघावी. दोन मॅटमध्ये फट राहिली तर पायाचं बोट तिथेच अडकतं. कराटेच्या त्या कोडं जुळवल्यासारख्या दोन सेंटिमीटरच्या फोमवर ज्युदोची फेक घेतली तर टाचा चार दिवस लंगडायला लावतात. ज्युदोची मॅट चार सेंटिमीटर तरी असते, ते उगाच नाही.

आणि इतकं सगळं उकेनं बिनचूक केलं तरी अर्धी गोष्ट त्याच्या हातात नसतेच. तोरीच्या ज्या हातानं बाही धरलेली असते त्याला हिकिते म्हणतात, ओढता हात. उजवी फेक असेल तर तो उकेची उजवी बाही धरतो. शेवटच्या क्षणी तोरीनं तो हात वर ओढून ठेवला की उकेचं उजवं अंग अधांतरी राहतं, डावं आधी उतरतं, डावा हात थाप मारायला मोकळा असतो आणि डोकं वर राहतं. तोरीनं हात सोडून दिला किंवा स्वतःच त्याच्या अंगावर कोसळला, तर उकेनं शिकलेलं सगळं फुकट जातं. उकेमीच्या तक्त्यात हिकितेचं नाव कधी आलेलं पाहिलं नाही. कारण तक्ता पडणाऱ्याचा असतो.

हे चुकलं की काय होतं याचा हिशेब जपाननं उशिराच मांडला. तिथे १९८३ पासूनच्या तीन दशकांत शाळांमधल्या ज्युदोत ११० हून अधिक मुलं दगावली, आणि २०१२ मध्ये माध्यमिक शाळांत बुदो, म्हणजे ज्युदोसारख्या युद्धकलांचं शिक्षण, सक्तीचं झालं तेव्हा हा आकडा सगळ्यांसमोर आला. दगावलेल्यांत नवशिकी मुलं मोठ्या संख्येनं होती, आणि मेंदूच्या इजांमध्ये ओसोतो-गारी या फेकीचं नाव पुन्हा पुन्हा येत राहिलं. पाय मागून कापून सरळ मागे पाडण्याची ती फेक. तिच्यात उके उभ्याचा एकदम उताणा होतो आणि मान सावरायला वेळ मिळत नाही. डोकं आपटायलाच हवं असंही नाही. मान झटक्यात मागे गेली की मेंदू आणि कवटी यांच्यामधल्या बारीक नसा ताणून तुटू शकतात आणि आत रक्त साचतं. म्हणजे तो 'ओबीकडे बघ' हा पहिल्या दिवशीचा कंटाळवाणा धडा शोभेचा नाही. ज्युदोचे जनक कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये एका देवळात, बारा तातामींच्या, म्हणजे बारा गवती चटयांच्या जागेत कोदोकान ही आपली ज्युदोची शाळा सुरू केली. त्या बारा तातामींवरून ही विद्या जगभर गेली, पण प्रत्येक नव्या मुलाची मान मात्र कोरी येते.

आपल्या कुस्तीत पडण्याची विद्या का नाही, हा प्रश्न इथे येतोच. मला वाटतं, तिथे पाठ लागणं हाच शेवट असल्यानं चांगलं पडण्याची कल्पनाच पैलवानाला परकी असते. पाठीला माती लागू द्यायची नाही, एवढंच. पडता पडता तो अंगाला पीळ देतो, पालथा होतो, नाहीतर मान आणि टाचांवर पूल करून पाठ उचलतो. हाच पैलवान ज्युदोत आला की हीच सवय अंगाशी येते. तिथे पुलात उतरलं तर थेट इप्पोन धरतात, मुद्दाम, कारण मानेवर उतरण्याची सवय कुणाला लागू नये. एक धागा मात्र खरा आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये खाशाबा जाधव ज्या शोहाची इशीईंकडून हरले आणि ज्यांनी ते सुवर्ण नेलं, ते मूळचे ज्युदोचे. युद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली म्हणून ते कुस्तीकडे वळले होते. गोळेश्वरचा माणूस तांबड्या मातीतून आलेला, समोरचा तातामीवरून, आणि दोघांनाही त्या दिवशी एकच गोष्ट टाळायची होती. पाठ.

त्या हॉलमध्ये पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. हसू थांबल्यावर ताईंनी कुणाला रागावलं नाही. मुलीला उठवलं, शेजारी उभं केलं आणि पुन्हा म्हणाल्या, "माए." पण या वेळी म्हणताना हातानं हवेत एक गोल काढला. पोरीनं शब्दाकडे लक्ष दिलं नाही, हाताकडे बघितलं. उजवा पाय पुढे, करंगळी मॅटवर, दंड, खांदा, तिरपी पाठ. फिरली. आता बाकीच्यांसारखं तिनं अलगद, आवाज न करता उभं राहायला हवं होतं. पण डाव्या कुल्ल्यावर येताच तिच्या डाव्या हाताला कुणी विचारलं नाही की इथे थाप मारतात का. त्यानं मारली. सगळा हॉल दणाणला, आणि रांगेतली सगळी मुलं त्या हाताकडे बघत राहिली.